रिसर्च करणारे डॉक्टर, व्हॉलंटियर आणि डोनर एकाच साइटवर? सोलापुरातून एक लांबलचक उत्तर

बाकीच्यांसाठी आधी प्रश्न थोडक्यात सांगते. पुण्यात आयटीत नोकरी करून जुळे सोलापूरला घरी परत आलेले एक जण विचारतायत, की त्यांना एक वेबसाइट आणि अ‍ॅप काढायचंय, तिथं एका बाजूला मेडिकल रिसर्च करणारे डॉक्टर, दुसरीकडं त्या रिसर्चमध्ये भाग घ्यायला तयार असणारे व्हॉलंटियर आणि तिसरीकडं डोनर, असे सगळे एकाच ठिकाणी येतील आणि आपापलं जुळवून घेतील. टेक्नॉलॉजी कुठली घेऊ, पहिले १,००० व्हॉलंटियर कसे मिळवू, प्रत्येक जुळणीमागं थोडं कमिशन ठेवलं तर चालेल का, आणि मुळात सोलापुरात हे चालेल का, असे चार प्रश्न आहेत.

मी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर. डॉक्टर रिसर्च करतात तेव्हा पेशंटला फोन करून बोलवणं, समजावून सांगणं, कन्सेंटच्या (संमतीच्या) सह्या, व्हिजिटच्या तारखा, सँपल कुरिअरला देणं, प्रवासखर्चाची व्हाउचरं, फाइली, हे सगळं ज्या बाईच्या टेबलावर येऊन पडतं ती मी. बरीच वर्षं हेच करतेय आणि आता एका एथिक्स कमिटीवरही बसते, म्हणजे रिसर्चमध्ये माणसांशी नीट वागलं जातंय का ते तपासून मंजुरी देणारी समिती. त्यामुळं टेबलाच्या दोन्ही बाजू माहीत आहेत. कोडिंगमधलं मात्र मला काही कळत नाही, तेवढं सोडून बोलते.

तुम्ही एक गोष्ट गृहीत धरलीय, की डॉक्टरांना माणसं सापडत नाहीत आणि माणसांना रिसर्च सापडत नाही, म्हणून दोघांची गाठ घालून दिली की झालं काम. सोलापुरात तरी तसं नाहीये. इथं रिसर्च होतो कुठं ते बघा. १९६३ पासूनचं आपलं वैशंपायन मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेलं सिव्हिल, कुंभारीचं अश्विनी रूरल मेडिकल कॉलेज, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, आणि कंपन्यांच्या ट्रायल घेणारी काही खासगी हॉस्पिटलं. यातला सगळ्यात मोठा ढीग म्हणजे एमडी-एमएस करणाऱ्या पोरांचे थिसिस, आणि त्या पोरांना लागणारे पेशंट त्यांच्याच ओपीडीत आणि वॉर्डात समोर बसलेले असतात. सकाळी सिव्हिलच्या केस पेपरच्या लाइनीत जाऊन उभं राहा, माणसांची टंचाई आहे असं तुम्हाला अजिबात वाटणार नाही.

अडतं ते नंतर. पहिल्या व्हिजिटला आलेला माणूस तिसऱ्या व्हिजिटला येत नाही, आमच्या भाषेत लॉस्ट टू फॉलोअप. का येत नाही, तर मंगळवेढ्याकडचा असेल तर फेब्रुवारीत ज्वारी काढायला आलेली असते, ऊसतोडीला जाणारं कुटुंब असेल तर दिवाळीच्या सुमाराला जे जातं ते उन्हाळ्यातच परत दिसतं, आणि विडी वळणारी बाई असेल तर तिचा हिशोब हजार विड्यांवर असतो, हॉस्पिटलात अर्धा दिवस बसली की तेवढ्या विड्या कमी. त्यात फोन नंबर बदललेला. यातलं काहीही "मॅचिंग"नं सुटत नाही. तुमच्या अ‍ॅपनं माणूस आणून दिला आणि तो दोन महिन्यांनी गायब झाला तर डॉक्टरांच्या दृष्टीनं तो न आलेलाच बरा, कारण अर्धवट सोडून गेलेल्या पेशंटमुळं अख्ख्या डेटाची वाट लागते.

आता हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे हेही खरं. दुर्मिळ आजार असेल तर ओपीडीत पेशंट मिळत नाहीत, तिथं राज्यभरातनं माणसं जोडणारी साइट खरंच उपयोगाची. निरोगी माणसं कंट्रोल (तुलनेचा गट) म्हणून हवी असतील तर तिथंही, कारण निरोगी माणूस हॉस्पिटलात कशाला येईल. आणि पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थांना सोलापूर-धाराशिव भागातले लोक हवे असतील तर तुम्ही मधला दुवा होऊ शकता. तेव्हा "चालेल का" याचं माझं उत्तर असं, की लोकल थिसिससाठी चालणार नाही, या तीन कामांसाठी चालू शकेल, आणि लोकांना टिकवून ठेवायला, म्हणजे फॉलोअपला मदत करणारं काही बनवलंत तर इथले डॉक्टर तुमच्या मागं लागतील.

आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण देते, आपल्याकडच्या आयटीवाल्यांना सहसा माहीत नसतं. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री (पेशंटच्या नोंदी ठेवणारी) सुरू झाली. पुढं बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची ट्रायल केली, ५२ गावगट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. २००९ मध्ये निकाल छापून आला की एकदाच एचपीव्हीची (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची) टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू कंट्रोल गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. जगभर तो पेपर वाचला गेला. एवढ्या बायका कुठल्या पोर्टलवर नाव नोंदवून आल्या नव्हत्या. आरोग्य कर्मचारी घरोघर गेले, बसले, बोलले, गावातच तपासणीची सोय केली. आणि हेही सांगायला हवं की त्याच ट्रायलवर नंतर जोरदार वाद झाला, कारण कंट्रोल गटातल्या ३१,४८८ बायकांची तपासणी झाली नाही, त्यांना नेहमीच्याच आरोग्यसेवेवर ठेवलं होतं, आणि असा गट ठेवणं योग्य होतं का यावर आजही दोन्ही बाजूंनी बोललं जातं. तुम्ही ज्या धंद्यात उतरताय तिथं सगळ्यात यशस्वी कामावरसुद्धा असे प्रश्न येतात, त्यामुळं "आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत" हे वाक्य कुणी ऐकून घेणार नाही.

एथिक्स कमिटीवाले एवढे कटकटे का असतात असं तुम्हाला पुढं कधीतरी वाटेल, तर त्याचं कारण असलीच प्रकरणं. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममला आणि गुजरातेत वडोदऱ्याला मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला, त्यात काही ठिकाणी आईबापांऐवजी हॉस्टेलच्या वॉर्डननी कन्सेंटवर सह्या केल्याचं निघालं, प्रकल्प थांबवावा लागला आणि संसदेच्या समितीनं झोडपून काढलं. त्यानंतर कोर्टकचेऱ्या झाल्या, नियम कडक झाले, आणि आता २०१९ चे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची एथिकल गाइडलाइन, या दोन गोष्टी तुम्हाला पाठच पाहिजेत. वकिलाला वाचायला देऊ नका, स्वतः वाचा. कंटाळवाणं आहे पण तुमच्या साइटचं अर्धं डिझाइन त्यातच लिहिलेलं आहे.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्या मुद्द्याकडं येते. तुम्ही साइट चालू केली की "रिसर्चर" म्हणून पहिल्यांदा कोण येईल? मेडिकल कॉलेजचा प्राध्यापक नाही येणार, त्याला वेळ नाही आणि त्याला परवानग्या घेत बसावं लागेल. पहिल्यांदा येईल तो, ज्याला "रिसर्च" या नावाखाली पेशंट पाहिजेत. स्टेम सेलनं ऑटिझम बरा करतो, गुडघे नवे करतो, डायबेटिस मुळापासून घालवतो म्हणणारे. आयसीएमआरच्या स्टेम सेल गाइडलाइनप्रमाणं रक्ताच्या काही आजारांसाठीचं स्टेम सेल ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी सगळं अजून रिसर्च आहे, ते उपचार म्हणून विकता येत नाही आणि ट्रायलमध्ये असल्यास पेशंटकडनं त्याचे पैसे घेता येत नाहीत. ही मंडळी तुमच्या साइटवर छान प्रोफाइल करतील, पैसेही देतील, आणि गावाकडचा एखादा बाप शेत गहाण टाकून तिथं जाईल. त्यामुळं पहिला नियम असा ठेवा, की ज्या स्टडीत भाग घेणाऱ्याकडनं एक रुपयाही घेतला जातो तो स्टडी साइटवर लागणार नाही. बास. अपवाद नाही, भले डॉक्टर कितीही मोठा असो.

दुसरी चाळणी कागदांची. प्रत्येक स्टडीला तीन गोष्टी मागा: एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र, त्या कमिटीचा सरकारी रजिस्ट्रेशन नंबर, आणि सीटीआरआय नंबर. सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, २००७ पासून चालू आहे, आयसीएमआर चालवते, नोंदणी फुकट आहे आणि कुणीही घरबसल्या शोधून बघू शकतं. २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. आता थिसिसचे स्टडीसुद्धा तिथं नोंदवतात. पण एक लक्षात ठेवा, नोंदणी म्हणजे मंजुरी नाही. तिथं नाव दिसलं म्हणजे सरकारनं हे औषध चांगलं म्हणून सांगितलं असा अर्थ होत नाही, आणि लोक नेमका तोच अर्थ काढतात, त्यामुळं साइटवर सीटीआरआय नंबरशेजारी हिरवी बरोबरची खूण वगैरे काही लावू नका. नवीन औषधाची ट्रायल असेल तर सीडीएससीओची (केंद्राच्या औषध नियामक संस्थेची) परवानगी वेगळी मागा. या सगळ्या गोष्टी तुमच्या माणसानं स्वतः पडताळायच्या, डॉक्टरनं टाकलेल्या पीडीएफवर विश्वास ठेवायचा नाही. मी फोटोकॉपीत तारीख बदललेलं पत्र बघितलेलं आहे, कुणाचं ते सोडा.

तिसरी गोष्ट तुम्हाला बहुतेक माहीतच नसेल. तुमच्या साइटवर एखाद्या स्टडीबद्दल जे दोन ओळींचं लिहाल ना, ते कायद्याच्या नजरेत भरतीची जाहिरात आहे, आणि भरतीची जाहिरात एथिक्स कमिटीनं आधी बघून पास करावी लागते. शब्द न् शब्द. तेव्हा डॉक्टरला साइटवर मोकळा टेक्स्ट बॉक्स देऊन "तुमच्या स्टडीबद्दल लिहा" असं करता येणार नाही. कमिटीनं पास केलेला मजकूर, त्यावर मंजुरीची तारीख, आणि नंतर कुणालाही बदलता येणार नाही अशी सोय. "मोफत उपचार" हे दोन शब्द तर सिस्टिमनं आपोआप अडवले पाहिजेत. आमच्याकडं येणारी निम्मी माणसं रिसर्चला उपचारच समजतात. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला औषध नसलेली साधी गोळी मिळणार आहे, कुणाला काय ते डॉक्टरलाही माहीत नसतं, हे समजावून सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि समजल्यावरही शेवटी विचारतात, "पण मॅडम, आमाला खरं औषिदच द्या बरं का."

आता डेटा. इथं तुम्ही आयटीवाले आहात म्हणून थोडं स्पष्ट बोलते. तुमच्या मनात बहुतेक असं असेल की व्हॉलंटियर प्रोफाइल भरतील, वय, आजार, औषधं, आणि डॉक्टर फिल्टर लावून यादी बघतील, मग फोन करतील. असं करू नका. अमेरिकेत व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीनं २००९ मध्ये रिसर्चमॅच नावाची साइट सुरू केली, सरकारी पैशावर चालते, आणि तिचं सगळ्यात शहाणपणाचं डिझाइन हे आहे की रिसर्चरला नावं दिसतच नाहीत. तो कमिटीनं पास केलेला मेसेज सिस्टिममार्फत पाठवतो, तो ज्यांना लागू आहे त्यांना जातो, आणि माणूस "हो, मला कळवा" म्हणाला तरच त्याचं नाव आणि नंबर रिसर्चरला कळतो. हो म्हणाला नाही तर रिसर्चरला तो कोण हे कधीच कळत नाही. हे जसंच्या तसं उचला, यात नवीन काही शोधायची गरज नाही.

पण अमेरिकेतलं एक इथं लागू होत नाही, तिथं एका माणसाचा एक ईमेल असतो. इथं फोन घरात एक, तोही पोराकडं. विडी घरकुलातल्या एखाद्या अक्कांच्या नावावर नोंदणी झाली तरी ओटीपी येणार मुलाच्या फोनवर, आणि मेसेज वाचणार सून. त्यात आजाराचं नाव असेल तर संपलं. टीबी असो, बाळ न होण्याची ट्रीटमेंट असो, मानसिक आजार असो, एचआयव्ही असेल तर २०१७ च्या कायद्यानं त्या माणसाच्या कन्सेंटशिवाय कुणाला कळू द्यायला मनाईच आहे. तेव्हा मेसेजमध्ये आजाराचं नाव नको, स्टडीचं नाव नको, हॉस्पिटलच्या डिपार्टमेंटचंही नाव नको. "तुम्ही विचारलेल्या माहितीबद्दल अमुक वारी अमुक वेळेत या नंबरवर फोन करा", एवढंच. आणि नोंदणी करतानाच विचारा की हा फोन अजून कोण वापरतं आणि कुठल्या वेळी तुमच्या हातात असतो. हा एक प्रश्न विचारलात तर तुमचे निम्मे घोळ टळतील.

डेटा प्रोटेक्शनचा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतायत, म्हणजे तुम्ही आत्ता बांधायला घेतलं तर त्या हिशोबानंच बांधायला हवं. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. कन्सेंट जितक्या सहज दिला तितक्याच सहज मागं घेता आला पाहिजे, १८ वर्षांखालच्यांसाठी आईवडिलांची खात्रीशीर परवानगी पाहिजे, आणि सूचना आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी माणसाला हवी त्या भाषेत वाचायची सोय पाहिजे. सोलापुरात याचा अर्थ मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू, किमान. पण नुसतं लिहून ठेवून भागत नाही. तेलुगू घरात बोलणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी बायकांना तेलुगू लिपी वाचता येत नाही, शाळा झाली असेल तर मराठीत झाली. त्यांच्यासाठी आवाजात पाहिजे, तेही इथल्या बोलीत, हैदराबादच्या बातम्यांसारखं नको. एखाद्या गावातल्याच बाईच्या आवाजात दोन मिनिटांची क्लिप करा, ती क्लिपही अर्थातच कमिटीकडनं पास करून घ्या.

आणि एक काटेकोर रेष: तुमच्या अ‍ॅपवर "मला रस आहे" दाबणं म्हणजे ट्रायलचा कन्सेंट नव्हे. ट्रायलचा कन्सेंट डॉक्टरसमोर, माहितीपत्रक वाचून, प्रश्न विचारून, आणि वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार बसवून होतो, आणि सही केलेली एक प्रत त्या माणसाच्या हातात द्यावी लागते. नवीन औषधांच्या काही ट्रायलमध्ये तर दुबळ्या गटातल्या लोकांच्या कन्सेंटचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही करावं लागतं. तुमचं काम त्या खोलीच्या दारापर्यंत, आत नाही.

चॅटबॉक्स ठेवणार असाल तर नका ठेवू, किंवा ठेवला तर त्यावर रात्रंदिवस माणूस ठेवा. कारण ट्रायलमध्ये कुणाला गंभीर त्रास झाला तर इन्व्हेस्टिगेटरनं (स्टडीच्या डॉक्टरनं) २४ तासांच्या आत स्पॉन्सरला (ट्रायल करवणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला), एथिक्स कमिटीला आणि सीडीएससीओला कळवायचं असतं. आता समजा रात्री साडेअकराला एखाद्यानं तुमच्या अ‍ॅपवर टाकलं, "गोळी घेतल्यापासून चक्कर यायलीय, उलट्या हुतायत," कारण त्याच्या दृष्टीनं तुमचं अ‍ॅप म्हणजेच हॉस्पिटल, आणि तुम्ही ते सोमवारी सकाळी वाचलं. माणूस वाचला तरी प्रश्न येणार की हा मेसेज कुणाकडं होता आणि किती वेळ होता. म्हणून भाग घेतल्यानंतर त्या माणसाच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात एकच गोष्ट पाहिजे, त्याच्या स्टडीच्या डॉक्टरचा चोवीस तास चालणारा नंबर, आणि दाबलं की फोन लागला पाहिजे. मला विचाराल तर अख्ख्या अ‍ॅपमधलं सगळ्यात मोलाचं बटण हेच.

कमिशनचं. नको. प्रत्येक माणसामागं पैसे घेतले की तुमचा फायदा माणूस आत ढकलण्यात आहे, आणि तो नाही म्हणाला तर तुमचं नुकसान आहे. उद्या तुमचा कर्मचारी फोनवर कसा बोलेल ते मला आत्ताच ऐकू येतंय. मी कमिटीवर असताना एखाद्या प्रोटोकॉलमध्ये (स्टडीच्या लेखी आराखड्यात) डोईमागं एजंटला पैसे दिसले तर मी ते पास करणार नाही, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेक कमिट्याही करणार नाहीत. त्याऐवजी संस्थेकडनं ठरावीक सेवेची फी घ्या, भाषांतर, आवाजाच्या क्लिपा, फॉलोअपच्या आठवणी, किती माणसं आली याच्याशी फीचा संबंध नको, आणि ती फी स्टडीच्या बजेटमध्ये कमिटीला उघड दिसली पाहिजे.

भाग घेणाऱ्याला पैसे द्यायचे का, तर प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी जरूर मिळाली पाहिजे, आणि किती ते कमिटी ठरवते. बुडालेला रोज न देणं म्हणजे गरीब बाईच्या खिशातनं रिसर्च चालवणं असं माझं मत आहे, यावर माझी सहकाऱ्यांशी भांडणंही होतात. पण साइटवर रक्कम मोठी करून दाखवू नका आणि "जास्त पैशाचे स्टडी आधी" असं सॉर्टिंग तर चुकूनही नको. अहमदाबादकडं निरोगी लोकांवर औषधांच्या चाचण्या घेणारी बरीच सेंटरं आहेत, तिथली जुनी डोकेदुखी अशी की काही लोक एक स्टडी चालू असतानाच दुसरीकडं नाव लावतात, आणि दोन औषधं अंगात एकत्र झाली तर जिवावर बेततं. तुमची साइट ही कामाच्या जाहिरातींचा फलक झाली तर तेच होणार. एक माणूस एका वेळी एकाच स्टडीत, आणि मधलं अंतर पूर्ण झाल्याशिवाय पुढचा मेसेजच जाणार नाही, हे सिस्टिममध्येच घाला. हे मात्र तुम्हीच चांगलं करू शकाल, आमच्या रजिस्टरात ते होत नाही.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: फक्त कागद तपासलेले स्टडी, पास केलेला मजकूर, माणूस हो म्हणेपर्यंत नाव झाकलेलं, डोईमागं पैसे नाहीत, आणि डॉक्टरचा नंबर कायम समोर. डोनरचं अजून बाकी आहे.

डोनर म्हणजे तुमच्या मनात नक्की कोण ते प्रश्नातनं कळलं नाही. रक्तदाते असतील तर तुमची गरज नाही, ब्लड बँका आणि ई-रक्तकोष आहे, आणि पैसे घेऊन रक्त देणं १९९८ पासून बंद आहे. अवयवदान असेल तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका, ते काम १९९४ च्या कायद्याखाली चालतं, आपला भाग अवयव वाटपाचं काम बघणाऱ्या पुण्याच्या झेडटीसीसीकडं येतो, आणि अवयव देणारा-घेणारा यांची गाठ घालणारी खासगी साइट म्हणजे जेलची वाट. देहदान करायचं असलं तर लोक थेट मेडिकल कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी विभागात जातात, तिथली माहिती साइटवर एका पानावर द्या, तेवढी सेवा पुरे.

राहिले पैसे देणारे. हे करण्यासारखं आहे, कारण थिसिस करणाऱ्या पोरांना किट, टेस्ट, गावात जायची गाडी यांचे पैसे बऱ्याचदा स्वतःच्या खिशातनं घालावे लागतात, आणि आपल्या गावात दहा-वीस हजार आनंदानं देणारे व्यापारी कमी नाहीत. पण हा विभाग व्हॉलंटियरपासून पूर्ण वेगळा ठेवा, वेगळी साइट काढलीत तर उत्तम. कारण देणगीदाराचा भाऊ पेशंट असेल तर तो म्हणणार मी पैसे दिलेत, त्याला ट्रायलमध्ये घ्या. आणि समजा उद्या एखाद्या विडी कारखानदारानं तोंडाच्या कॅन्सरच्या स्टडीला पैसे दिले, तर त्याची मदत घ्यायची का, घेतली तर नाव कुठं लिहायचं, हे तुम्ही आणि त्यानं ठरवायचं नाही, संस्थेनं आणि कमिटीनं ठरवायचं. पैसा डॉक्टरच्या खात्यात कधीच नाही, संस्थेच्या खात्यात. तुमच्या खात्यातनं फिरवायचा असेल तर आधी ट्रस्ट किंवा सेक्शन ८ (नफ्यासाठी नसलेली) कंपनी, देणगीवरची आयकर सूट (जिला लोक ८०जी म्हणतात), हिशोब तपासणी, हे सगळं आलं. रोख २,००० च्या वर असेल तर देणाऱ्याला ८०जीची सूट मिळत नाही, व्यापारी मंडळींना हे आधीच सांगा, नंतर वाद नको.

परदेशातल्या सोलापूरकरांकडनं पैसे आणायचा विचार असणारच. तिथं फरक पासपोर्टचा आहे. भारतीय नागरिक असलेला एनआरआय स्वतःच्या बचतीतनं बँकेमार्फत पाठवत असेल तर ते परकीय योगदान धरत नाहीत, पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला तुमचा वर्गमित्र, भले ओसीआय कार्ड असू दे, तो कायद्याच्या दृष्टीनं परकीय, आणि त्याचे पैसे घ्यायला एफसीआरए (परकीय देणगी घेण्याची सरकारी परवानगी) लागतं, जे नव्या संस्थेला लगेच मिळत नाही. पेमेंटच्या पानावर नागरिकत्व विचारणारा रकाना ठेवा आणि उत्तर भारतीय नसेल तर पैसे घेणं तिथंच थांबवा.

टेक्नॉलॉजी कुठली ते तुम्ही ठरवा. मला फक्त एवढं हवंय की साध्या फोनवर चालावं, मिस्ड कॉल दिला की परत फोन यावा, आणि कोऑर्डिनेटरला एक साधा तक्ता दिसावा की या आठवड्यात कोणाची व्हिजिट आहे, कोण गावाला गेलंय, कोण परत कधी येणार. १,००० व्हॉलंटियरचा नाद आत्ता सोडा. एक स्टडी घ्या, ज्याचा डॉक्टर तुमच्याशी बोलायला तयार आहे, फॉलोअप लांबचा आहे आणि औषधाची ट्रायल नाही, नुसतं निरीक्षण आहे. त्यातल्या लोकांना आठवणी, गावाच्या कामाप्रमाणं बदलणाऱ्या तारखा, प्रवासखर्च वेळेत, एवढंच करून दाखवा. गळती कमी झाली की तोच डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला सांगेल, आणि आमच्या क्षेत्रात कुठल्याही जाहिरातीपेक्षा तेच चालतं. नवे व्हॉलंटियर गोळा करायचं त्यानंतर बघू, आणि तेव्हाही आशाताईंना आणि गावातल्या बचत गटांना आधी भेटा, फेसबुकची जाहिरात नंतर.

पहिलं पाऊल म्हणून ज्या कॉलेजात तो डॉक्टर आहे तिथल्या एथिक्स कमिटीच्या मेंबर सेक्रेटरीला भेटा. सकाळी जाऊ नका, ओपीडी संपल्यावर दुपारी जा. लॅपटॉपवर डेमो दाखवायच्या आधी चार पानं कागदावर न्या: लोकांना कुठला मेसेज जाणार त्याचा शब्दशः मजकूर, त्यांचा डेटा कुठं राहणार आणि कोण बघणार, माणसानं नको म्हटल्यावर काय होणार, आणि तुम्हाला पैसे कुठनं मिळणार. कमिटीत बाहेरचे लोकही असतात, वकील असतात, सामान्य माणूस म्हणून नेमलेला एखादा सदस्य असतो, त्यामुळं भाषा सोपी ठेवा. मीटिंग दर आठवड्याला नसते, पुढची तारीख आणि कागद किती दिवस आधी द्यायचे ते तिथल्या क्लार्कला विचारून घ्या, आणि साइटचा मजकूर डॉक्टरच्या प्रोटोकॉलबरोबरच द्या, मागनं सुधारणा म्हणून लावायला गेलात तर पुन्हा पुढच्या मीटिंगची वाट बघावी लागते.